एकही इशारा नाही

एखाद्याच्या तोंडावर आपण हात ठेवावा, आणि पुढे प्रसंग आला की ‘तो तर काहीच बोलला नाही’ अशी त्याच्याच मौनाची साक्ष काढावी, या वर्तनाला धर्म कोणत्याही काळी मान्यता देणार नाही. माणसाच्या बाबतीत हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्राच्या बाबतीत लागते, कारण यंत्राचे तोंड दाबताना तळहाताला त्याचा श्वास लागत नाही. उत्कर्षाला ही गोष्ट कळायला अकरा वर्षे लागली, आणि ज्या सकाळी कळली त्या सकाळी तिच्या स्वयंपाकघरात दूध उतू जात होते.

बुधवार होता. चिंचवडगावातल्या त्यांच्या सोसायटीत पाणी सकाळी साडेसहाला येते आणि साडेसातला जाते. त्या तासाभरात सगळ्या इमारतीतून बादल्यांचा, मोटारींचा आणि एकमेकांना हाका मारण्याचा आवाज उठत असतो. ऑफिसची बस साडेआठला. मधला जो वेळ उरे तो उत्कर्षा आपल्या दुसऱ्या, बिनपगारी कामाला देत असे. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, त्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये ‘पळ’. ‘पळ’ हे तिने तिशीत लिहिलेले एक छोटे ग्रंथालय होते. यंत्रांना वेळ मोजायला शिकवणाऱ्या सूचनांचा सी भाषेतला लहानसा संग्रह. तो तिने पाणपोईसारखा उघडा ठेवला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, आपल्या यंत्रात घालावा, कुणाला विचारण्याची गरज नाही. कुठल्या कुठल्या देशांतले लोक तो घेत आणि काही अडले की लिहीत. गेल्या आठवड्यात असेच कुणी लिहिले होते, की नव्या कंपायलरखाली ‘पळ’ची बांधणीच होत नाही, मध्येच मोडते. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुभाष्या. मात्र तो नुसता दुभाष्या नसतो. उतरवताना त्याला एखादी ओळ संशयास्पद वाटली तर तो काम न थांबवता एक इशारा देतो: इथे काय म्हणायचे आहे ते आपण नीट पाहिले आहे ना? चांगला कारागीर असा इशारा वाचतो. घाईचा कारागीर त्या ओळीत एक छोटा शब्द कंसात घालतो, ज्याचा अर्थ ‘मला ठाऊक आहे, तू गप्प बस’ असा होतो. दुभाष्या नम्र असतो, गप्प बसतो.

उत्कर्षाने ठरवले होते, की बांधणी दुरुस्त करायचीच आहे तर कंसातले ते सगळे जुने शब्द काढून टाकू आणि दुभाष्याचे म्हणणे एकदा पहिल्यापासून ऐकू. त्यात पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. होती ती पन्नाशीकडे झुकलेल्या गृहिणीची माळा आवरायची इच्छा. एकेक शब्द काढला की एकेक इशारा येई. बहुतेक निरुपद्रवी होते. ती वाचत होती, दुरुस्त करत होती, मनातल्या मनात मोजत होती. चाळीस झाले, पन्नास झाले. मग एकशे एक्केचाळीसावी ओळ आली, आणि तिच्याखाली दुभाष्याने अकरा वर्षांपूर्वीचेच आपले वाक्य पुन्हा मांडले: जी संख्या ऋण होऊ शकते, तिची तुलना कधीच ऋण न होणाऱ्या संख्येशी होते आहे. तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा ती उठली नाही. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी दारातून हाक मारली, “अगं उत्कर्षा, जळतंय काहीतरी! आहेस ना घरात?” तेव्हा तिने “आहे” असे उत्तर दिले, आणि ते उत्तर तिचे तिलाच दुरून आल्यासारखे वाटले.

ओळ साधी होती. यंत्र चालू झाल्यापासून किती वेळ गेला हे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजणारे एक घड्याळ असते. ‘पळ’ ज्या यंत्रांत बसवले जाई त्यांत पत्र्याला ठोका देऊन आकार देणारे पॉवर प्रेसही होते. अशा प्रेसवर काम करणाऱ्याने डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने एक अशी दोन बटणे दाबायची असतात. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ते प्रेसच्या जबड्यात नाहीत अशी खात्री होते, आणि मगच प्रेस खाली येतो. दाबलेल्या बटणाची मुदत अर्धा सेकंद. अर्धा सेकंद उलटला की तो दाब शिळा झाला. नवा ठोका हवा असेल तर पुन्हा दाबा. एकशे एक्केचाळीसावी ओळ एवढेच विचारत होती, की आताची वेळ मुदतीच्या अलीकडची आहे का. मात्र उत्कर्षाच्या कंसातल्या शब्दाने घड्याळाची जात बदलून टाकली होती. तिच्या शब्दाप्रमाणे घड्याळ दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीसपर्यंत सरळ मोजत जाई, आणि पुढच्या एका क्षणाला एकदम ऋणात कोसळे, जणू यंत्र अजून जन्मालाच यायचे आहे. त्या क्षणी कुणी विचारले, मुदत संपली का, तर उत्तर येई: छे, अजून पुष्कळ वेळ आहे. शिळा दाब शिळा होईनासा होई. हात उचलले तरी यंत्राच्या लेखी ते बटणांवरच असत. प्रेस पुन्हा खाली येई.

तिने कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान फाडून त्याच्या पाठीवर भागाकार मांडला. ती संगणकावर पोसलेली बाई. तरी भागाकार तिने हाताने केला. चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटे आणि वर तेवीस सेकंद. यंत्र तितका काळ अखंड चालू राहिले तरच हे घडणार, आणि घडले तर एकदाच, डोळ्याचे पाते लवण्याइतक्या फटीत. भोसरीत तसे कधी होत नाही. भोसरीच्या वर्कशॉपांना गुरुवारची सुट्टी असते; बुधवारी संध्याकाळी मुख्य स्विच खाली पडतो, आणि त्याबरोबर घड्याळ शून्यावर येते. म्हणजे तिचा दोष गुरुवारची सुट्टी दर आठवड्याला आपल्या पदरात घेत होती, आणि उत्कर्षाला त्याचा पत्ता नव्हता.

एका मार्च महिन्याचा अपवाद सोडून. मार्चअखेरचा माल. हे शब्द तिच्या मनात आले तेव्हा ते प्रीतमच्या आवाजात आले. प्रीतम तिच्याहून सात वर्षांनी लहान, एकेकाळचा तिच्याच ऑफिसातला; आता चिखलीत स्वतःच्या गाळ्यात जुन्या प्रेसना बसवायचे कंट्रोल बोर्ड बनवणारा. त्याच्या बोर्डांत ‘पळ’ होते, याचा तिला अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता. “ताई, भोसरीला एका वर्कशॉपमध्ये अपघात झालाय. ऑपरेटरची बोटं गेली. मार्चअखेरचा माल होता, ओव्हरटाइम चालू होता, झोपला असणार. पण तो म्हणतोय बटण दाबलंच नव्हतं. चौकशी बसलीय. तू फक्त एक पत्र दे, की सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. आणि जमलं तर येऊन जा, तुझ्या शब्दाला वजन आहे.” तिने पत्र दिले. पत्र लिहायला पाच मिनिटेही लागली नव्हती. त्यातले शेवटचे वाक्य तिला आज जसेच्या तसे आठवले, कारण लिहिताना ते तिला सुंदर वाटले होते: ‘हे सॉफ्टवेअर कंपायलरच्या सर्वांत कडक तपासणीखाली एकही इशारा न येता बांधले जाते.’

ते वाक्य खरे होते. खऱ्या वाक्याने एवढे करता येते, हे तिला कुणी शिकवले नव्हते. किंवा शिकवले होते आणि ती विसरली होती. तिचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बाह्यांना यंत्र गार ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास येई, आणि खिशात फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर असे. लहानपणी ती त्यात पेन्सिल धरून माप काढी, आणि ठरवलेला आकडा यावा म्हणून जरा जास्त पिळे. वडील तिची बोटे हलकेच सोडवत. “आवळलंस तर ते तुला हवं तेच सांगेल. मापाला बोलू द्यावं बाळ. आपण ऐकावं.” ते रागावत नसत. तिला आज वाटले, रागावले असते तर बरे झाले असते. रागाने सांगितलेले अंगावर वळासारखे राहते, प्रेमाने सांगितलेले अंगात विरघळून जाते आणि कामाच्या वेळी सापडत नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी दुपारी ते सापडले नव्हते. एका मोठ्या संग्रहात ‘पळ’ समाविष्ट व्हायचे होते, आणि त्यांची अट होती की एकही इशारा चालणार नाही. बासष्ट इशारे होते. जेवण झाल्यावर ती बसली आणि चहाच्या वेळेपर्यंत बासष्टही गप्प झाले. किती हलके वाटले होते! घर झाडून पुसून काढल्यावर अनवाणी चालताना वाटते तसे. बासष्टांतले साठ तिने खरोखर तपासले होते की पन्नास, हे आता सांगता येणार नाही. एकशे एक्केचाळीसावी ओळ तपासली नव्हती एवढे निश्चित. त्याच आठवड्यात कुणी तनुजा नावाच्या, नांदेडकडच्या मुलीने अदबीने लिहिले होते: ‘आपण सर्व इशारे बंद केलेले दिसतात. एकशे एक्केचाळीसाव्या ओळीतला खरा असावा असे वाटते. आपण पाहिले आहे का?’ उत्कर्षाने ते जुने पत्र आता शोधून काढले. त्याखाली तिचे स्वतःचे उत्तर होते. ‘तपासले आहे. धन्यवाद.’

चूक कुणाकडूनही होते. तिने स्वतःला असे सांगून पाहिले, आणि ते ‘धन्यवाद’पर्यंत जाऊन थांबले. तीन शब्दांतला पहिलाच खोटा होता. तो लिहिताना तिला कुणी धाक घातला नव्हता, कसली गरज नव्हती. केवळ अनोळखी मुलीपुढे अज्ञान दिसू नये म्हणून वेळ मारून नेली होती. तिने तनुजेच्या त्या जुन्या ई-मेल पत्त्यावर दोन ओळी लिहून पाठवल्या. असा पत्ता अस्तित्वात नाही, असे उत्तर मिनिटभरात परत आले.

मग तिने चौकशीच्या वेळी प्रीतमने पाठवलेला कागद उघडला. देखभालीनंतर यंत्र चालू केल्याची वेळ: दोन मार्च, गुरुवार, दुपारी दोन. अपघात: सत्तावीस मार्च, सोमवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास. मधले तिन्ही गुरुवार काम चालू होते. पाडव्यालाही यंत्र थांबले नव्हते. चालू यंत्रालाच हार घातल्याचे चौकशीत कुणीतरी कौतुकाने सांगितले होते. तिने दोन तारखांमधले अंतर मोजले नाही. मोजायची गरज उरली नव्हती. तरी तिची बोटे कॅलेंडरच्या चौकोनांवरून एकेक करत पुढे सरकली आणि जिथे थांबायची तिथे थांबली.

ऑफिसला ती गेली, बसमध्ये बसली, कुणाशी तरी पगारवाढीबद्दल बोललीही. दिवसभर तिला चौकशीची ती खोली दिसत राहिली. पत्र्याचे छत, कुलरची घरघर, टेबलापलीकडे वर्कशॉपचे शेठ आणि दोन पोक्त माणसे, भिंतीशी उभे कामगार. आणि भैरू. खेड तालुक्यातला, पन्नाशीचा, उजवा हात बँडेजमध्ये छातीशी धरलेला, जणू ते बँडेज दुसऱ्या कुणाचे आहे आणि त्याच्याकडे सांभाळायला दिले आहे. यंत्र दुसऱ्या दिवशी बंद करून, पुन्हा चालू करून शंभर वेळा तपासले, शंभर वेळा निर्दोष ठरले, असे वाचून दाखवण्यात आले. अपघातानंतरच्या तपासणीसाठी यंत्र बंद केले, तिथेच घड्याळ शून्यावर आले आणि एकमेव साक्षीदार मेला होता. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आले नाही, तिच्याही नाही. तिचे पत्र वाचले गेले. भैरूने ते लक्ष देऊन ऐकले, आणि मग शेठकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. मशीन आपल्या मनानं खाली येतं का?” त्या प्रश्नात आरोप नव्हता. खरोखर जाणून घ्यायचे होते त्याला. आणि ती म्हणाली, “मशीन आपल्या मनाने काहीच करत नाही.” भिंतीजवळून कुणी चेष्टेने बोलले, “भैरूभाऊ, पाडव्याची पुरणपोळी अजून उतरली न्हाई व्हय?” सगळे हसले. खोलीतला ताण सैल झाला म्हणून तीही किंचित हसली होती. ते हसू आज दिवसभर तिच्या ओठांना चिकटून राहिले. तिने दोनदा तोंड धुतले.

संध्याकाळी ती चिखलीला प्रीतमच्या गाळ्यात गेली. सोल्डरच्या डागाच्या धुराचा गोडसर वास, भिंतीवर ओळीने टांगलेले हिरवे बोर्ड. तिने सांगितले ते प्रीतमने उभ्याने ऐकले आणि मग स्टुलावर बसला.

“ताई, आधी शांत हो. चहा सांगू?”

“बाहेर किती बोर्ड आहेत?”

“दोनशेच्या वर असतील. अगं पण तू म्हणतेस ते व्हायला पंचवीस दिवस मशीन चालू पाहिजे. कोण ठेवतंय?”

“एकाने ठेवलं होतं.”

प्रीतमने मान खाली घातली. मग तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, “हे बघ, ओळ दुरुस्त कर. बदलांच्या नोंदीत ‘इशाऱ्यांची किरकोळ सफाई’ असं लिही आणि मोकळी हो. सगळे असंच लिहितात. मी नवी आवृत्ती सगळ्या बोर्डांत टाकतो, गुपचूप. कुणाचं वाईट होत नाही त्यात.”

सगळे असेच लिहितात, हे तो खोटे बोलत नव्हता. ‘किरकोळ सफाई’ या दोन शब्दांखाली जगात काय काय पुरलेले असेल! तिने स्वतःच किती वेळा लिहिले होते. उघड्या संग्रहातली नोंद एकदा पाठवली की परत घेता येत नाही. हजारो ठिकाणी तिच्या प्रती जातात, लिहिणाऱ्याच्या नावासकट. म्हणून तर लोक तिथे कमी लिहितात.

“आणि भैरू?” तिने विचारले.

“तो आहे तिथेच. शेठनी काढला नाही त्याला, झाडलोट करतो.” प्रीतम घुटमळला. “पोरं डुलकी म्हणतात त्याला. डुलकीकाका. तोही हसतो. ताई, तीन वर्षं झाली. त्यानं मान्य केलंय आता. तू जाऊन खपली काढणार, दुसरं काय?”

“प्रीतम, फोन लाव. प्रत्येकाला सांग, मशीन आत्ता एकदा बंद करून चालू करा. नवी आवृत्ती बसेपर्यंत दर गुरुवारी बंद ठेवायचंच, कितीही माल असू दे.”

“कारण काय सांगू?”

“माझं नाव सांग.”

“तू मला रस्त्यावर आणणार,” तो म्हणाला, आणि असे म्हणत म्हणतच त्याने फोन उचलला. “हॅलो, कोण, सार्थकभाऊ का? प्रीतम बोलतोय. एक काम करा राव, आत्ताच्या आत्ता...” मग त्याने यादीतला पुढचा नंबर लावला. त्याच्याच टेबलाच्या कडेला बसून तिने ती ओळ दुरुस्त केली. दुरुस्ती लहान होती, तिला चमचाभर साखर विरघळण्याइतका वेळ लागला. नोंद लिहायला तास लागला. दोष काय, केव्हापासून, कुणी घातला, कुणी वेळेवर विचारले होते, काय उत्तर दिले गेले, आणि त्यामुळे एका माणसाच्या हाताचे काय झाले असावे. नोंद इंग्रजीत होती. ती पाठवून दिल्यावर आपल्याला हलके वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. जगातल्या कुणाही जाणकाराला ती नोंद आता वाचता येणार होती, आणि ज्या एका माणसाने वाचायला हवी त्याला ती कधीच वाचता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तिने रजा टाकली आणि शेअर रिक्षाने भोसरीला गेली. गुरुवारची भोसरी तिने पूर्वी पाहिली नव्हती. एरवी जमिनीतून तळपायांना जाणवणारा प्रेसचा ठोका आज नव्हता. गल्ल्यांतल्या दोऱ्यांवर कंपन्यांचे निळे-करडे गणवेश वाळत होते, आणि एका दारात दोन माणसे एकमेकांच्या डोक्याला तेल लावत बसली होती. भैरूची खोली विचारल्यावर एक पोरगा म्हणाला, “डुलकीकाका का? त्या टोकाला.” आणि त्याच्या म्हणण्यात कसलाही खोडसाळपणा नव्हता, त्याला ते आडनाव वाटत असावे.

खोलीत भैरूची बायको दुर्गाबाई मेथी निवडत बसली होती. भैरू पलंगावर, नुकती दाढी केलेला, उजवा हात बनियनच्या खाली झाकून. त्याने तिला लगेच ओळखले. “पत्रवाल्या मॅडम,” तो दुर्गाबाईला म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी खुर्ची पुसली. डाव्या हाताने. ती बसली. येताना तिने वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही आता तोंडाशी आले नाही. ती जमेल तसे सांगत गेली. घड्याळ, अर्धा सेकंद, शिळा न होणारा दाब, पंचविसावा दिवस. कंसातल्या शब्दाबद्दल सांगितले. तनुजेबद्दलही सांगितले, कारण ते वगळले असते तर ही पुन्हा एक किरकोळ सफाई झाली असती. दुर्गाबाईचे हात मेथीच्या जुडीवर थांबले होते. भैरू ऐकत होता, चौकशीच्या दिवशी ऐकत होता तसाच, लक्ष देऊन.

“किती वाजता म्हनलात?” त्याने विचारले.

“दहा एकतीस.”

“चायवाला आलता,” भैरू सावकाश म्हणाला. तो तिच्याशी बोलत नव्हता. “त्याची किटली मला दिसत हुती. म्या म्हनलो, थांब, येवढा जॉबचा पत्रा अडकलाय तो काढतो. दोन्ही हात आत घातले.” त्याने डावा हात पुढे करून दाखवला. “हे समदं मला आठवत हुतं मॅडम. पहिलं वरीसभर आठवत हुतं. मग लोकं म्हनली, शेठ म्हनले, कागद म्हनला. मला वाटलं, डोळा लागला आसंल आन ही किटली सपनातली आसंल. माणसाला झोपेत काय बी दिसतं. लेक तिचं पोर माझ्यापाशी ठेवीत न्हाई. मीच तिला म्हनलो, नगं ठेवू, माझा भरोसा न्हाई.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या. भैरूने बनियनखालून हात काढला आणि मांडीवर ठेवला. अंगठा आणि करंगळी, आणि मध्ये गुळगुळीत, फिकट, रिकामी जागा.

“म्हंजी म्या जागा हुतो,” तो म्हणाला.

“हो.”

“दुर्गे, म्या जागा हुतो.”

दुर्गाबाईने त्याच्याकडे पाहिले नाही. तिची नजर उत्कर्षावर होती, आणि ती कोरडी होती. “आन तुमी झोपल्या हुता,” ती म्हणाली. “त्या पोरीनं हाक मारली तरी उठल्या न्हाई. तीन वर्सं म्या या माणसाला बोलत आली. भांडण झालं की पयलं हेच काढायची. ते बोलणं आता म्या कुठं टाकू, सांगा.”

क्षमा मागावी असे तिच्या मनात आले, आणि तत्क्षणी कळले की क्षमा मागणे म्हणजे या बाईच्या ओंजळीत आणखी एक ओझे देणे. दुर्गाबाई उठली आणि मेथीचे ताट आत घेऊन गेली.

“आवो, तिचं मनावर घेऊ नगा,” भैरू म्हणाला. “मॅडम, तुमी लिवलंय म्हनता समद्या जगाला. ते विंग्रजीत आसंल.”

“हो.”

“मला मराठीत लिवून द्या. कोर्टाला न्हाई. उद्या शुक्रवारी चाय आसती साडेदहा वाजता, तवा समदी पोरं येका जागी असतात. तिथं वाचायचं.”

“मी स्वतः येऊन वाचते. आणि शेठनाही पत्र देते. मागचं माझं पत्र मागे घेतल्याचं.”

“त्ये तुमचं तुमी बगा. हे आदी लिवा.”

त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतून रेघांची वही काढून दिली. तिने मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. हात सवयीने नीटनेटका चालला: ‘दिनांक सत्तावीस मार्च रोजी घडलेल्या अपघातास नियंत्रण-प्रणालीतील दोष कारणीभूत असण्याची दाट शक्यता असून, त्यात ऑपरेटरचा कोणताही...’ भैरू वाकून बघत होता. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत तो तिथवर आला आणि त्याने मान हलवली.

“आसं नगा. ह्ये तुमच्या मागल्या पत्रावानी झालं. ह्यात कोन हाय ते कळत न्हाई.”

“मग कसं लिहू?”

“माझं नाव घाला. तुमचं घाला. चुकी तुमची हाय तर तसं म्हना. आन म्होरं लिवा, भैरू जागा हुता.”

तिने पान फाडले, दुमडून पर्समध्ये ठेवले, आणि नव्या पानावर लिहिले. चार ओळी झाल्या. शेवटची लिहिताना तिच्या लक्षात आले की तिच्या सगळ्या आयुष्यातल्या लिखाणात, सूचनांत, नोंदींत, पत्रांत, एका माणसाचे नाव घेऊन त्याच्याबद्दल साधे खरे असे हे पहिलेच वाक्य आहे. तिने सही केली. भैरूने वही घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, आणि ती चार ओळींची चिठ्ठी मोठ्याने वाचली. अडखळत, आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. वाचून झाल्यावर त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग दुर्गाबाई दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत, आणि म्हणाली, “पुन्यांदा वाचा.”

ज्यांचे हात लोखंडाच्या जबड्यात गेले, आणि ज्यांचा शब्द शहाण्यांच्या कागदाखाली गेला, त्यांचे कल्याण असो. वेळेवर विचारणाऱ्या त्या अनोळखी मुलीचे, ती जिथे असेल तिथे, कल्याण असो. उशिरा ऐकणाऱ्यांना ऐकण्याचे बळ मिळो. आणि भैरूला, दिवसभराचे काम संपवून तो अंथरुणावर पडेल तेव्हा, जिचा जाब कुणीही विचारणार नाही अशी गाढ झोप लागो.